न केलेला खर्च आपल्या नावे का?

उधारीची वही पूर्वी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे असे. महिनाअखेर घरातील बाई हिशेबाला गेली की वहीतील एकेक ओळ वाचून घेई आणि एखादी ओळ खटकली तर तेथल्या तेथे विचारी, "शेटजी, हे अर्धा किलो तेल आम्ही नेलेच नाही!" वाणी कुरकुर करी, पण पाने उलटून पाही. आज ती वही क्रेडिट कार्डाच्या रूपाने बँकेकडे गेली आहे. बँक दूर, तिचे कागद इंग्रजीत, तिचा फोन 'एक दाबा, दोन दाबा' असे सांगणारा. परिणाम असा झाला आहे की जी माउली वाण्याला दहा रुपयांचा जाब विचारीत होती, तिच्याच घरात आज पाचशे-हजारांची अनोळखी ओळ मुकाट्याने भरली जाते.

क्रेडिट कार्ड ही आता केवळ साहेब लोकांची वस्तू राहिलेली नाही. पगार बँकेत जमा होऊ लागला तसे नगरपालिकेचा सफाई कामगार, एस.टी.चा वाहक, दवाखान्यातील आया, कुरिअर कंपनीत लागलेला मुलगा, अशा सर्वांना फोन येऊ लागले. "सर, तुमचे कार्ड मंजूर झाले आहे, आयुष्यभर फुकट आहे." कोणी मॉलमध्ये टेबल मांडून फॉर्म भरून घेतला, कोणी कचेरीच्या दारात. कार्ड घरात आले, पण त्याचा हिशेब कसा वाचावा हे कोणी शिकवले नाही. रविवारी सकाळी आमच्याकडे अर्ज लिहून घेण्यास मंडळी येतात. पूर्वी त्यांच्या हातात रेशनकार्डाचे, जातीच्या दाखल्याचे, भविष्यनिर्वाह निधीचे कागद असत. आता त्यांत कार्डाचे मासिक पत्रक, म्हणजे स्टेटमेंटही असते आणि बोट एका ओळीवर ठेवलेले असते. "दादा, हे आम्ही केलेच नाही. आता काय करायचे?"

आमचे सांगणे थोडक्यात असे. ज्या खर्चाची ओळख पटत नाही त्याचा खुलासा मागण्याचा कार्डधारकाला हक्क आहे. परस्पर झालेल्या व्यवहाराची जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा बोजा रिझर्व्ह बँकेने बँकेवर टाकलेला आहे. मात्र हा हक्क मुदतीत आणि लेखी बजावला तरच उपयोगी पडतो. तो कसा बजावावा हे पुढे क्रमाने देत आहोत.

पत्रक आधी नीट वाचावे

पत्रकावर दोन तारखा असतात. एक पत्रक तयार झाल्याची आणि दुसरी पैसे भरण्याची अंतिम तारीख. दोन रकमा असतात. एक संपूर्ण देय रक्कम आणि दुसरी किमान देय रक्कम. त्याखाली महिनाभराच्या व्यवहारांची यादी असते: तारीख, दुकानाचे नाव, गाव, रुपये. परत आलेल्या किंवा भरलेल्या पैशांपुढे जमा असल्याची खूण असते, बाकी सारे आपल्या नावे पडलेले असते. यादीच्या शेवटी व्याज, दंड, शुल्क आणि त्यांवरील जी.एस.टी. यांच्या ओळी असतात. मंडळी नेमके हेच वाचत नाहीत. शेवटचा आकडा पाहतात आणि भरून मोकळी होतात.

महिन्यातून एकदा घरातील सर्वांनी बसून ही यादी वाचावी. ज्या ओळीची ओळख पटली तिच्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करावी. जी उरली तिच्याभोवती गोल करावा. घरातील मुलगी किंवा मुलगा शिकलेला असेल तर हे काम त्याच्याकडे द्यावे. इंग्रजी न येणाऱ्या आई-वडिलांनाही तारीख आणि आकडा कळतो, आणि त्या दिवशी आपण कोठे होतो हे तर त्यांना पक्के आठवते.

अनोळखी म्हणजे खोटीच असे नाही

गोल केलेली प्रत्येक ओळ चोरीचीच असते असे समजू नये. पाटीवरचे नाव एक आणि कागदोपत्री नाव दुसरे, अशी दुकाने पुष्कळ आहेत. औषधाच्या दुकानावर मालकाच्या आईचे नाव असते, पण कार्डाच्या यंत्रावर नोंद त्याच्या भागीदारीच्या कंपनीची. ऑनलाइन खरेदीत तर पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ कंपनीचेच नाव छापून येते. आमच्याकडे आलेल्या एका रिक्षाचालक बंधूंनी तीन ओळींना गोल केले होते. तारखा जुळवून पाहता एक पेट्रोल पंपाची निघाली, दुसरी मुलीच्या क्लासच्या फीची, आणि तिसरी धाकट्याने मोबाइलवर पाहण्यासाठी सुरू केलेल्या सिनेमाच्या वर्गणीची. म्हणून बँकेला फोन करण्याआधी घरात विचारावे, मोबाइलमधील त्या तारखेचे संदेश पाहावे आणि खिशातील पावत्या काढाव्यात. या कामाला अर्धा तास पुरे. त्यासाठी चार दिवस मात्र घालवू नयेत. मुदतीचे घड्याळ चालू असते.

वर्गणीची गोष्ट जरा वेगळी आहे. पहिला महिना फुकट म्हणून कार्डाचा नंबर घेतात आणि पुढे दर महिन्याला आपोआप पैसे कापतात. यावर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून बंधन घातले. अशी आपोआप कपात सुरू करताना ग्राहकाची ओ.टी.पी.सारखी जादा संमती घ्यावी लागते, आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने संदेश पाठवावा लागतो. त्या संदेशावरून कपात थांबविताही येते. तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नका.

कधी एकाच खरेदीचे पैसे दोनदा पडतात. यंत्राने पहिल्यांदा 'व्यवहार झाला नाही' असे दाखविले म्हणून दुकानदाराने पुन्हा कार्ड लावले आणि पत्रकात दोन्ही ओळी आल्या. फसलेल्या व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत झाले पाहिजेत आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई दिली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरवून दिले. दुकानातून निघताना 'व्यवहार रद्द' अशी चिठ्ठी मागून घ्यावी ती यासाठीच.

बँकेने लावलेले आकार

दुसरा प्रकार बँकेच्या स्वतःच्या ओळींचा. वार्षिक फी, उशिराचा दंड, पेट्रोलवरील अधिभार, परदेशी चलनाचा आकार, हप्ते पाडून दिल्याची प्रक्रिया फी. कार्डाने ए.टी.एम.मधून रोख काढली तर शुल्क वेगळे आणि व्याज काढल्या दिवसापासून सुरू, तेथे बिनव्याजी मुदत नाही. हे आकार कार्डासोबत आलेल्या शर्तींच्या कागदावर असले तर मान्य करावे लागतात. नसले तर लावता येत नाहीत. आकारांत बदल करायचा तर बँकेने किमान एक महिना आधी कळविले पाहिजे.

फोनवर 'हो' म्हटल्याने गळ्यात पडलेला विमा ही आमच्या पाहण्यातील नेहमीची तक्रार आहे. फोनवरची मुलगी गोड आवाजात भराभर इंग्रजी-हिंदी बोलते, आपण कामावर असतो, 'हां, हां' म्हणतो, आणि पुढल्या पत्रकात विम्याच्या हप्त्याची ओळ येते. अशा वेळी बँकेकडे लेखी मागावे की आमची स्पष्ट संमती कोठे आहे ती दाखवा. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट व डेबिट कार्डांविषयी जे निर्देश काढले आणि जे त्या वर्षीच्या १ जुलैपासून लागू झाले, त्यांत विम्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती हवी असे म्हटले होते. न मागता कार्ड पाठवून त्यावर आकार लावले तर ते परत करून वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा, अशीही त्यात तरतूद होती. बिलाविषयी तक्रार आली तर जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा, आणि गरज पडल्यास कागदोपत्री पुरावा बँकेने द्यावा, असेही त्यातच लिहिले होते.

खर्च आपला नाहीच, तर मग?

घरात विचारून झाले, पावत्या पाहून झाल्या आणि खात्री पटली की हा खर्च आपला नाही. आता मात्र एक तासही थांबू नये. कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा, कार्ड बंद करावयास सांगावे, व्यवहार आपला नसल्याचे सांगावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. क्रमांकाबरोबर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नावही टिपावे. फसवणूक उघड असेल तर लगोलग १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावरही कळवावे. पैसा चोराच्या खात्यात पोचून पुढे पळण्याआधी अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नये. चोराच्या हाती कार्डाचा नंबर लागला की तो पुष्कळदा आधी दहा-वीस रुपयांचा व्यवहार करून पाहतो. तो लागू पडला आणि कोणी ओरडले नाही, की मग मोठा हात मारतो.

आता मुदतीचे गणित पाहू. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिले. त्याचा सारांश असा:

१. चूक बँकेची किंवा तिच्या कर्मचाऱ्याची असेल, तर ग्राहकाने कधीही कळविले तरी त्याच्यावर जबाबदारी शून्य.

२. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या कोणी डल्ला मारला, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य.

३. चार ते सात कामाच्या दिवसांत कळविल्यास जबाबदारी मर्यादित. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी ती १०,००० रुपये किंवा व्यवहाराची रक्कम, यांत जी कमी ती.

४. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने ठरविलेल्या धोरणाप्रमाणे.

५. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे ओ.टी.पी. सांगितल्याने वगैरे पैसे गेले, तर कळवीपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. कळविल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचे.

संदेश आला तो दिवस मोजावयाचा नाही, सुटीही मोजावयाची नाही. तक्रार आल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवावी आणि ९० दिवसांत निकाल लावावा, असेही त्या परिपत्रकात म्हटले होते. असे नियम रिझर्व्ह बँक वेळोवेळी सुधारत असते. म्हणून अर्ज लिहिताना बँकेचे त्या दिवशी लागू असलेले 'ग्राहक संरक्षण धोरण' शाखेत मागून पाहावे. ते दाखविणे बँकेचे काम आहे.

पाचव्या कलमाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. ओ.टी.पी. सांगून बसलेली माणसे लाजेने गप्प राहतात. बायको नवऱ्याला सांगत नाही, बाप मुलाला सांगत नाही. 'एवढे शिकून फसलास?' हे ऐकावे लागेल म्हणून पदवीधर मुलगाही लपवितो. या लपविण्याच्या दोन दिवसांतच दुसरा आणि तिसरा डल्ला पडतो. फसविणारा हा त्याच कामाचा पगार घेणारा पट्टीचा माणूस असतो. त्याच्यापुढे फसणे हा गुन्हा नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की आधी फोन करा, बोलणी नंतर द्या. खरे तर देऊच नका.

एका भगिनीची हकीकत

आमच्या वस्तीतील एक भगिनी खाजगी दवाखान्यात आया आहेत. पगाराचे खाते ज्या बँकेत, तिनेच त्यांना कार्ड दिले होते. एका गुरुवारी रात्री पाळीवर असताना त्यांना ४,७८६ रुपयांचा संदेश आला. व्यवहार डॉलरमध्ये, कंपनी परदेशी, ओ.टी.पी. आलाच नाही. परदेशातील काही कंपन्यांच्या साइटवर ओ.टी.पी.शिवाय केवळ कार्डावरील आकड्यांवर पैसे कापले जातात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. घरी सांगावे तर मालक म्हणणार, "कार्ड घेतलेच कशाला?" दोन दिवस त्या गप्प राहिल्या. शनिवारी मुलाला सांगितले, रविवारी सकाळी दोघे आमच्याकडे आले.

प्रथम त्यांच्याच फोनवरून कार्ड बंद केले व तक्रार क्रमांक घेतला. नंतर दिवस मोजले. गुरुवार धरावयाचा नाही. शुक्रवार पहिला, शनिवार पहिला म्हणजे कामाचाच, म्हणून तो दुसरा, रविवार सुटी, सोमवार तिसरा. अर्ज सोमवारी शाखेत पोचणे आवश्यक होते. रात्रपाळी करून त्या तशाच बँकेत गेल्या. काउंटरवरील साहेबांनी सांगितले, "हे इथे चालत नाही, ऑनलाइन टाका." ताई म्हणाल्या, "ऑनलाइनही टाकते साहेब, पण ह्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख द्या, मग जाते." वीस मिनिटे त्या तेथेच उभ्या राहिल्या. शिक्का मिळाला.

पंधरवड्याने बँकेचे उत्तर आले की कार्डाचे आकडे बरोबर टाकलेले आहेत, सबब व्यवहार वैध आहे व रक्कम भरावी. येथे पुष्कळ लोक हात टेकतात. आम्ही दुसरा अर्ज लिहिला. आकडे बरोबर होते एवढ्यावरून ते कोणी टाकले हे सिद्ध होत नाही. व्यवहार ग्राहकानेच केला याचा पुरावा द्यावा, तक्रार तिसऱ्या दिवसाच्या आत नोंदलेली आहे, दहा दिवसांत करावयाची तात्पुरती जमा का केली नाही याचाही खुलासा व्हावा. सोबत शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स जोडली. मधल्या काळात वसुलीवाल्यांचे फोन दवाखान्यात येऊ लागले. ताईंना आम्ही एकच वाक्य पाठ करून दिले होते, "ही रक्कम वादात आहे, तक्रार क्रमांक लिहून घ्या." तेवढेच सांगून त्या फोन ठेवीत. दुसऱ्या अर्जानंतर आठवड्याभरात तात्पुरती जमा पडली आणि सातव्या आठवड्यात ती कायम झाल्याचे पत्र आले. व्याजही काढून टाकले. ४,७८६ रुपये म्हणजे त्या घराचे दोन महिन्यांचे धान्य होते.

या प्रकरणात आम्ही फार मोठे काही केले नाही. आम्ही पेशाने कारकून आहोत. आवक क्रमांक नसलेल्या कागदाला कचेरीत आईबाप नसतात, हे कारकुनाइतके कोणाला ठाऊक? तो क्रमांक मिळविण्याचे काम ताईंनी केले.

तंटा चालू असता किती भरावे?

वादातील रक्कम वजा करून बाकी सर्व रक्कम अंतिम तारखेच्या आत भरावी, आणि तसे बँकेला लिहून कळवावे. रागाने सगळेच पत्रक न भरता ठेवले तर ज्या खर्चाविषयी वाद नाही त्यावरही व्याज व दंड सुरू होतो, आणि मग आपली बाजू पडते. फसवणूक म्हणून नोंदविलेल्या व्यवहारावर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत आकार लावू नये, आणि वाद प्रलंबित असताना थकबाकीदार म्हणून माहिती पुढे पाठवू नये, असे २०२२ च्या निर्देशांत होते. ही माहिती सिबिलसारख्या पत-माहिती कंपन्यांकडे जाते आणि उद्या घरासाठी कर्ज मागताना आडवी येते. म्हणून अर्जात याचा उल्लेख अवश्य करावा. वाद फसवणुकीचा नसून निव्वळ आकाराचा असेल आणि रक्कम झेपण्याजोगी असेल, तर 'मान्य नसताना भरत आहे' असे लिहून भरावी व परतीची मागणी चालू ठेवावी.

किमान रक्कम भरून स्वस्थ बसू नये. समजा २०,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज झाले ७०० रुपये. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. १२६ रुपये. एकूण ८२६. तुम्ही किमान रक्कम म्हणून १,००० रुपये भरलेत, तर मुद्दलातून कमी झाले केवळ १७४ रुपये! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. सावकार दारात येत नाही म्हणून हे कर्ज कर्ज वाटत नाही, एवढाच फरक. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजावर वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली. तेव्हा आपली मर्यादा आपणच घालावयाची आहे.

अर्जाचा नमुना

अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. दोन प्रती कराव्यात. मजकूर असा:

'प्रति, शाखाधिकारी / क्रेडिट कार्ड तक्रार विभाग.

विषय: मी न केलेल्या व्यवहाराबाबत तक्रार.

महोदय, माझ्या क्रेडिट कार्डावर (शेवटचे चार आकडे ....) दिनांक .... रोजी .... या नावाने .... रुपयांचा व्यवहार नोंदला आहे. हा व्यवहार मी किंवा माझ्या संमतीने अन्य कोणी केलेला नाही. मी कोणासही ओ.टी.पी., पिन किंवा कार्डाची माहिती दिलेली नाही. व्यवहाराचा संदेश मला दिनांक .... रोजी मिळाला. मी दिनांक .... रोजी .... वाजता फोनवर तक्रार केली असून तक्रार क्रमांक .... आहे.

तरी सदर रक्कम तात्पुरती जमा करावी, तिच्यावर व्याज व दंड लावू नये, वाद मिटेपर्यंत पत-माहिती कंपन्यांकडे थकबाकी कळवू नये, आणि व्यवहार मीच केला असे आपले म्हणणे असल्यास त्याचा पुरावा लेखी द्यावा. वादाबाहेरील .... रुपये मी दिनांक .... रोजी भरले आहेत.

आपला / आपली, (सही, पत्ता, फोन)'

ओ.टी.पी. खरोखर सांगितला असेल तर ते वाक्य गाळावे आणि घडले ते खरे लिहावे. खोटे लिहिल्यास पुढे संपूर्ण अर्जच खोटा ठरतो. कार्डाचे संपूर्ण आकडे व पाठीमागचे तीन आकडे अर्जात कधीही लिहू नयेत. सोबत पत्रकाची प्रत आणि संदेशाचा फोटो जोडावा. शाखा शिक्का देत नसेल तर स्पीड पोस्टाची पावती आणि ई-मेल हीच आपली पोच.

बँक दाद देत नसेल तर

तक्रार केल्यापासून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पूर्वी वेगवेगळ्या असलेल्या लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी एकत्र करण्यात आल्या. फी नाही, वकील लागत नाही. संगणकावर 'सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन' येथे तक्रार नोंदविता येते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी 'केंद्रीकृत प्राप्ती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, सेक्टर १७, चंदीगड १६००१७' या पत्त्यावर टपालाने पाठवावी. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, आणि तेथेच पुष्कळांचे अडते. तोंडी भांडलेले तेथे मोजले जात नाही. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

फसलेल्याला पुन्हा फसवणारे

तक्रार करताना एक नवेच संकट ओढवते. बँकेचा नंबर मोबाइलवर शोधला की पुष्कळदा चोरांनीच टाकलेला खोटा नंबर वर येतो. तेथील माणूस मोठ्या आदराने बोलतो, "तुमचे पैसे परत करतो" म्हणतो, एक ॲप उतरवायला सांगतो आणि आपला फोन त्याला दिसू लागतो. लक्षात ठेवावे, पैसे परत मिळण्यासाठी ओ.टी.पी. किंवा पिन द्यावा लागत नाही. नंबर घ्यावा तो कार्डाच्या पाठीवरचा किंवा पत्रकावरचा. 'वर्षाची फी माफ करतो', 'कार्डाची मर्यादा वाढवितो', 'पॉइंट संपत आहेत' असे सांगत आलेला फोन तेथेच ठेवून द्यावा.

घरात एवढे करून ठेवा

कार्डाच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि नुसते टेकवून होणारा व्यवहार चालू-बंद करण्याची सोय असते. १५ जानेवारी २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने ती सर्व बँकांना बंधनकारक केली. परदेशी व्यवहार बंदच ठेवावा. ज्यांना ऑनलाइन खरेदी करावयाची नाही त्यांनी तोही बंद ठेवावा, आणि रोजची मर्यादा आपल्या गरजेएवढीच लावावी. मोबाइल नंबर बदलला तर पहिल्या दिवशी बँकेत कळवावे. संदेश जुन्या नंबरावर जात राहिले तर तीन दिवसांची मुदत आपल्याला न कळतच सरून जाईल. कार्ड नको असेल तर लेखी बंद करावे. बाकी सर्व रक्कम भरलेली असता बंद करण्याची विनंती बँकेने सात कामाच्या दिवसांत पुरी केली पाहिजे, अन्यथा दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असे २०२२ च्या निर्देशांनी ठरविले. कात्रीने कापून टाकलेले कार्ड बँकेच्या दप्तरी जिवंतच राहते आणि त्याची वार्षिक फी चढत जाते.

एक फाइल करा. तीत दर महिन्याचे पत्रक, पावत्या, अर्जाच्या प्रती आणि पोच लावा. वरच्या पानावर कार्डाच्या पाठीमागचा फोन नंबर, १९३० आणि १४४४८ ठळक अक्षरांत लिहून ठेवा. शेजारच्या घरी कार्ड आले असेल तर त्यांनाही पत्रक वाचायला बसवा. ज्या महिन्यात सर्व ओळी बरोबर निघतील तो महिना आनंदाचा. ज्या महिन्यात एखादी ओळ खटकेल त्या महिन्यात त्याच दिवशी फोन उचला, अर्ज लिहा आणि शिक्का मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका.